रातांब्याचा ठसा

शनिवारी सकाळी साडेनऊला वाजणारा फोन चांगली बातमी आणत नाही, हा माझा अनुभव आहे. एक तर हापिसातला सर्व्हर झोपलेला असतो, नाहीतर सोसायटीच्या टाकीतलं पाणी संपलेलं असतं. गेल्या नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी मात्र फोन माझा नव्हता, बायकोचा होता. मी पोहे खात होतो. ती गॅलरीत उभी राहून बोलत होती आणि आत नुसतं "हो काका... नाही काका... तुम्ही पाठवा ना मला" एवढंच ऐकू येत होतं. परत आली तेव्हा चेहरा पार उतरलेला.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. बायको ग्राफिक डिझायनर आहे, घरूनच कामं करते. काका म्हणजे कुडाळकडचे एक गृहस्थ, तिच्या माहेरच्या ओळखीतले. कोकम सरबत आणि आगळ विकतात. इतकी वर्षं साध्या छापील चिठ्ठ्या चिकटवून विकत होते, आता जरा नीट बाटली आणि नीट लेबल करायचं ठरवलं. बोधचिन्ह आणि लेबल मिळून 40,000 रुपये ठरले, निम्मे आगाऊ मिळाले. चिन्ह म्हणजे आडवा कापलेला रातांबा. (कोकणाबाहेरच्यांसाठी: झाडावरचं ताजं फळ ते रातांबा. त्याची साल वाळवली की आमसूल, आणि मीठ घालून रस काढला की आगळ.) बाहेर सालीचं लाल वर्तुळ, आत पांढऱ्या पाकळ्या. काकांना आवडलं, त्यांनी 3,000 लेबलं छापूनही घेतली.

आणि आता मुंबईच्या भाच्याने त्यांना एक फोटो पाठवला होता. परदेशातल्या कुठल्याशा मँगोस्टीनच्या रसाची बाटली. तिच्यावर लाल वर्तुळ आणि आत पांढऱ्या पाकळ्या. खाली भाच्याचा शेरा, "सेम टु सेम". काकांनी बायकोला एवढंच विचारलं होतं, "अगं, हे तूच काढलंयस ना? की त्या एआयने काढून दिलं?"

पूर्वी लोक विचारायचे, कुठून ढापलंस? आता विचारतात, कोणत्या एआयने केलंस? प्रश्न तोच, फक्त चोर बदलला :)

आता गंमत अशी की सारखेपणाला एक साधं कारण होतं. मँगोस्टीन आणि कोकम ही चुलत भावंडं आहेत. दोघांचं कूळ गार्सिनिया. दोन्ही फळं आडवी कापली की आत गराच्या पाकळ्या दिसतात. त्यामुळे जगात कुठेही कुणी कापलेलं मँगोस्टीन काढलं आणि कुणी कापलेला रातांबा काढला, तर दोघांची चित्रं एकमेकांसारखी दिसणारच. पण हे काकांना कसं पटवायचं? "योगायोग आहे हो" हे तर चोरसुद्धा म्हणतो.

माझा पहिला विचार अर्थातच इंजिनिअरचा. बायकोच्या कामाच्या फोल्डरला दोन वर्षांपूर्वी मीच गिट लावून दिलं होतं. रोज रात्री जे काही बदललं असेल त्याची आपोआप नोंद होते. मी लॅपटॉप उघडून ऐटीत म्हणालो, "हे बघ. प्रत्येक बदल तारखेसकट आहे. पाठवून दे काकांना, विषय संपला."

"ही तारीख कोण घालतं?"

"कंप्युटर."

"कुणाचा?"

"...तुझाच."

"मग मी बदलू शकते?"

मी गप्प. मग नुसतं बोलण्यापेक्षा करूनच बघू म्हणून तिच्यासमोर एक नोंद 1995 सालची घातली. मिनिटभर लागलं. गिट हा प्रकार लिनस टॉरवाल्ड्सने काढला 2005 मध्ये, म्हणजे गिट जन्मायच्या दहा वर्षं आधीची नोंद आमच्या घरात तयार झाली. गिटमध्ये आतली साखळी पक्की असते, मधलीच जुनी नोंद गुपचूप बदलली तर पुढचं सगळं बदलतं, हे खरं. पण अख्खी साखळीच आज नव्याने रचली आणि तारखा जुन्या घातल्या, तर एकट्या माझ्या मशिनकडे बघून कुणाला काय कळणार?

मग मला पाकीट आठवलं. स्वतःची कलाकृती पाकिटात घालायची, स्वतःलाच पोस्टाने पाठवायची आणि आलेलं पाकीट न फोडता ठेवून द्यायचं. शिक्क्यावरची तारीख हाच पुरावा. निदान पुढच्या वेळेसाठी तरी हे करता येईल, म्हणून सासऱ्यांना फोन केला, कारण ते पोस्टातून निवृत्त झालेत. ते खो खो हसले. म्हणाले, "अहो, पाकीट न चिकटवतासुद्धा पाठवता येतं की! नंतर आत काय हवं ते घाला. जन्मभर शिक्के मारलेत मी. शिक्का पाकिटावर बसतो जावईबापू, आतल्या कागदावर नाही."

दोन-शून्य. दुपारची झोप गेली ती गेलीच.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता, म्हणून वाचत बसलो. "हे माझ्याकडे आधी होतं" हे सिद्ध करायची धडपड फार जुनी निघाली. स्प्रिंगचा नियम आपण शाळेत शिकलो तो रॉबर्ट हूक आठवतोय? जेवढा जोर, तेवढा ताण. त्याने हा नियम 1676 मध्ये आधी उलगडून सांगितलाच नाही. त्या लॅटिन वाक्यातली 14 अक्षरं वर्णानुक्रमे लावून छापली. बघणाऱ्याला काही अर्थ लागू नये, पण उद्या कुणी दुसऱ्याने दावा केला तर "ही बघा माझी अक्षरं" म्हणता यावं. अर्थ सांगितला तो 1678 मध्ये. काय डोकं आहे बघा!

आमच्या धंद्यात याचाच नातू म्हणजे हॅश. कुठलीही फाईल एका गणिती चक्कीतून काढली की एक लांबलचक आकडा पडतो. फाईलमधला एक ठिपका बदलला तरी आकडा पार वेगळा येतो, आणि आकड्यावरून फाईल ओळखता येत नाही. म्हणजे आकडा जगाला दाखवायचा, चित्र आपल्याकडे ठेवायचं. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघांनी 1991 मध्ये यावरून डिजिटल कागदाला तारखेचा शिक्का मारायची पद्धत मांडली. त्यांच्या कंपनीने 1995 पासून दर आठवड्याला असा एक आकडा चक्क न्यूयॉर्क टाइम्समधल्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. का? तर पेपर लाखो घरांत आणि वाचनालयांत जातो. स्वतःच्या कंप्युटरवरची तारीख बदलता येईल, पण लाखो घरांतला पेपर कोण बदलणार? मुद्दा हाच, की तारीख आपण लिहून भागत नाही. आपल्या हातात नसलेला साक्षीदार लागतो.

हे सगळं मी बायकोला संध्याकाळी मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी हे कधी केलं ते कळेल. पण ते चिन्ह तर माझ्याआधीचं असेल ना? मग तारखेने काय होणार?"

च्यायला. खरंच की. मी दिवसभर 'कधी' सिद्ध करत बसलो होतो. काकांचा प्रश्न 'कुठून' हा होता.

रात्री जेवणं झाल्यावर तिने कपाटातून स्केचबुक काढलं. मी ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. मे महिन्यात ती माहेरी गेली होती, तेव्हापासूनची 31 पानं. पहिल्या सहा पानांवर चित्रच नव्हती, ठसे होते. रातांबे आडवे कापायचे आणि कागदावर दाबायचे, लहानपणी आपण भेंडीचे ठसे काढायचो तसे. सालीचं लाल वर्तुळ उमटलेलं, आत गराचे फिकट डाग. रंग आता उडून तपकिरी-जांभळा झाला होता आणि पानं एकमेकांना चिकटत होती. प्रत्येक ठशाशेजारी पेन्सिलने आकडा लिहिलेला: 5, 7, 6, 6, 8. आतल्या पाकळ्यांचा.

त्यातला एक ठसा तिने मला दाखवला. सहा पाकळ्या, पण एक अगदी चिमटलेली. त्या फळातली एक बी नीट भरलीच नव्हती. आणि लेबलावरच्या चिन्हात तीच, तशीच चिमटलेली पाकळी होती. मी ते लेबल शंभर वेळा पाहिलं असेल, ती पाकळी मला कधी दिसली नव्हती. त्या परदेशी चिन्हातल्या सहाही पाकळ्या फुलासारख्या एकसारख्या होत्या.

"बस्स!" मी म्हणालो. "हेच पाठव. याच्यापुढे गिट काय आणि हॅश काय." एवढी चिकट पानं, खोडलेल्या रेघा, फसलेले प्रयत्न... हे सगळं नंतर बसून रचायचं म्हटलं तर मूळ काम परवडलं. शिवाय तेव्हा नोव्हेंबर होता, ताजे रातांबे आणणार कुठून?

रविवारी सकाळी आम्ही सगळं क्रमाने लावायला बसलो. स्केचबुकाची पानं, फोनमधले फोटो, फाईली, काकांना वेळोवेळी पाठवलेल्या मेल. हे मेल कामाचे निघाले, कारण त्यांची एक प्रत काकांकडेच होती. म्हणजे फुकटात साक्षीदार! शेवटी उरला तिचा संदर्भांचा फोल्डर. काम चालू असताना इकडेतिकडे दिसलेलं, आवडलेलं काहीबाही ती त्यात टाकत असते. जुन्या सरबताच्या बाटल्या, आगपेट्या, घोंगडीची किनार. दोनेकशे चित्रं असतील. एकेक बघत होतो.

आणि ते सापडलं. 9 जुलै. मँगोस्टीनच्या बाटलीचा स्क्रीनशॉट. तीच बाटली.

आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग तिने स्केचबुक पुन्हा उघडलं आणि 9 जुलैच्या आधीची आणि नंतरची पानं शेजारी धरली. आधी सगळीकडे सालीचं वर्तुळ पूर्ण, बंद. नंतरच्या पानांपासून वर्तुळ वरच्या बाजूला, देठापाशी उघडं. त्या परदेशी चिन्हातही वर्तुळ तिथेच उघडं होतं.

"मला आठवतच नाहीये रे," ती म्हणाली. "शप्पथ. मला वाटत होतं ते मलाच सुचलं."

आता खरं सांगतो. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "हा एक स्क्रीनशॉट नाही पाठवला तर?"

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. लग्नाला आठ वर्षं झाली, त्या बघण्याचा अर्थ मला कळतो.

तरीही मी हार मानली नाही. शाळेतला एक मित्र वकील आहे, त्याला फोन लावला. त्याने माझ्या बाजूनेच कौल दिला. कायद्याने कल्पना कुणाच्या मालकीची नसते, मालकी असते ती मांडणीची. आपल्या सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात हे सांगून ठेवलंय. एका नाटकावरून सिनेमा उचलल्याचा आरोप होता, आणि विषय एक असला तरी मांडणी वेगळी आहे म्हणून तो टिकला नाही. शिवाय कॉपीराइटमध्ये 'ओरिजिनल' म्हणजे जगात पहिलं असं नव्हे, तर दुसऱ्याची नक्कल न करता स्वतः केलेलं. नुसते कष्ट पुरत नाहीत, थोडी तरी स्वतःची निर्मिती लागते, असं 2007 च्या ईस्टर्न बुक कंपनीच्या निकालात कोर्टाने म्हटलंय. "कापलेल्या फळाचं वर्तुळ वर उघडं ठेवलं, एवढ्यावर केस? उभीच राहणार नाही," तो म्हणाला.

मी विजयी मुद्रेने फोन ठेवला. बायको म्हणाली, "पण काकांनी केस होईल का असं कुठे विचारलंय? त्यांनी विचारलं, तूच काढलंयस ना. आणि मी जी वही पुरावा म्हणून पाठवणार, त्यातलंच एक पान लपवायचं? मग बाकीची तीस पानं तरी खरी कशावरून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

रविवारी दुपारी तिने वर्तुळ पुन्हा बंद केलं. पाकळ्या तशाच ठेवल्या, त्या रातांब्याच्याच होत्या. संध्याकाळी काकांना सगळं पाठवलं: 31 पानांचे फोटो, तारखा, तो स्क्रीनशॉट आणि एक छोटं पत्र. पाकळ्या कुठून आल्या, वर्तुळ का उघडलं, आणि आता का मिटवलं. नवीन लेबलं छापायचा खर्च माझ्या राहिलेल्या पैशांतून कापून घ्या, हेही लिहिलं.

तीन दिवस उत्तर नाही. ते तीन दिवस घरात फार वाईट गेले. पैशाचं एक वेळ सोडा, पण कुडाळसारख्या गावात "तिने कुठूनतरी उचललं म्हणे" एवढं वाक्य सासऱ्यांच्या दारापर्यंत पोचायला किती वेळ लागतो?

बुधवारी रात्री काकांचा फोन आला. म्हणाले, "अगं, आमच्याकडे पण लोक विचारतात, आगळात रंग घातलाय का. बाटली दाखवून कुणाला पटत नाही. मग मी त्यांना मागच्या पडवीत नेतो आणि फोडलेल्या रातांब्यांचा ढीग दाखवतो, किडके पण त्यातच असतात. तुझी वही बघितली. नवीन चिन्ह पाठव छापायला." मग जरा थांबून, "9,000 होतील छपाईचे. तेवढे कापतो हं."

राहिलेल्या 20,000 पैकी 11,000 आले. काकांनी कापताना "असू दे गं" वगैरे काही म्हटलं नाही. व्यवहार तो व्यवहार :)

तेव्हापासून तिने कामाची पद्धत थोडी बदलली आहे. वहीचं पान फाडायचं नाही, खाडाखोड पुसायची नाही, प्रत्येक पानावर आकडा आणि तारीख. संदर्भाचं चित्र ठेवताना शेजारी एक ओळ: कुठून घेतलं आणि त्यातलं काय आवडलं. ही दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण आपलं डोकं आवडलेली गोष्ट ठेवतं आणि पत्ता टाकून देतं. एआयकडून काही काढून घेतलं तर तेही त्याच फोल्डरमध्ये, काय विचारलं होतं त्यासकट. आणि दर शुक्रवारी अख्ख्या फोल्डरचा हॅश क्लायंटला मेलने जातो. (तेवढं माझं योगदान!) हे अगदीच खूळ नाहीये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅशसाठी रकाना आहे.

वकील मित्राने दोन गोष्टी बजावून सांगितल्या, त्या तुमच्यापैकी कुणाच्या कामी येतील म्हणून लिहितो. 1957 च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट चित्र काढल्याक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी केली तर ती प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. मात्र तुम्ही कापडाची नक्षी किंवा वस्तूचा आकार असलं काही करत असाल, तर सांभाळून. 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी गोष्ट तुम्ही नोंदवली नाही, आणि ती वापरलेली वस्तू कारखानदारी पद्धतीने 50 हून जास्त वेळा निघाली, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइटच संपतो. आणि ही नोंदणी डिझाइन जगाला दाखवण्याआधी करायची असते, नंतर नाही. वही कितीही चांगली असली तरी इथे ती उपयोगाची नाही.

असो. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण त्या गुरुवारी हापिसात एक गंमत झाली. आमच्या प्रोजेक्टमध्ये एक फंक्शन आहे, तारखांचा हिशोब करणारं. फार वर्षांपूर्वी मी लिहिलं. नवीन पोरंपोरी अजून म्हणतात, "सर, काय भारी लिहिलंय!" आणि मी नम्रपणे मान हलवतो. त्या दिवशी सहज त्यावर गिट ब्लेम चालवून बघितलं. कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते या कमांडने कळतं. सगळ्या ओळींपुढे माझंच नाव, तारीख, वेळ अगदी सेकंदासकट.

फक्त मला पक्कं आठवतंय, त्यातली मधली युक्ती माझी नाही. कुठेतरी वाचली होती. कुठे? तासभर शोधलं, सापडलं नाही.

शेवटी फंक्शनच्या वर एक ओळ लिहिली: "यातली मुख्य युक्ती माझी नाही. कुठून घेतली ते तेव्हा लिहून ठेवलं नाही."